उकळलेला स्पंज

आमच्या दादाने वहिनीचे सहा मासे धुऊन मारले. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. मारले म्हणजे काही रागाने नाही. उलट इतक्या काळजीने कुणी कुणाचा जीव घेतला नसेल.

दादाचं काम आधी सांगायला हवं, नाहीतर तो तुम्हाला नुसता वेडा वाटेल. एकतीस वर्षं तो हॉस्पिटलच्या तळघरात होता. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या वरून रक्ताने माखून यायच्या. त्या मोजायच्या, घासायच्या, कापडात बांधायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या. गठ्ठ्यावर एक चिकटपट्टी असते, आत नीट वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. त्या रेघा स्वतः पाहिल्याशिवाय त्याने एक चिमटा कधी वर सोडला नाही. घरी आला तरी तेच. जेवायच्या आधी चमचे परत धुणार, माझ्या हातचं पाणी प्यायच्या आधी पेला उजेडात धरून पाहणार. मी खालच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते, आणि माझ्या दोऱ्याच्या रिळांनासुद्धा तो नाकं मुरडतो. सख्खा भाऊ म्हणून सहन करते, दुसरा कुणी असता तर कधीच जिना दाखवला असता.

वहिनी अगदी उलट. ती शाळेची बस चालवायची. चाळीस पोरांना नुसतं आरशातून बघून गप्प करायची. हातांना डिझेलचा वास, आणि घरी आली की तेच हात धुऊन कोपरापर्यंत माशांच्या टाकीत. नऊ वर्षांची टाकी होती ती, हातभर उंच, खिडकीशेजारी. आत लाकडाच्या ओंडक्याला बांधलेली रुंद पानांची झाडं आणि सहा गोल्डफिश. आजीबाई, मास्तर, बटण, झिपरी आणि सदा एकमेकींच्या अंगावर जाणाऱ्या दोघी जावा. आजीबाई सगळ्यांत जुनी, कपाळावर पांढरा डाग. वहिनीने पाण्यात बोट घातलं की ती येऊन ते चोखत बसायची.

दादाला टाकीला हात लावायची बंदी होती. वहिनी म्हणायची, तुमचे हात फार स्वच्छ आहेत, तुम्ही लांबच बरे. दादाला ते कौतुक वाटायचं.

आणि एके दिवशी सकाळी शाळेच्या आवारात बस लावता लावता वहिनीच्या पोटात काहीतरी फुटलं. आतडं. दादाच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. आत नेताना तिने त्याचा शर्ट पकडून एवढंच सांगितलं, की माशांना चिमूटभर, दिवसातून एकदाच. पुढचं काही सांगायच्या आत दार बंद झालं.

ऑपरेशन ठीक झालं म्हणाले. आठव्या दिवशी ताप चढला. जखमेत जंतू. टाके उघडले, पुन्हा आत नेलं, पुन्हा ताप. दादा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याच्या मनाने एकच घेतलं, की गठ्ठा खालून गेला, आपल्या खोलीतून गेला, कुणीतरी रेघ न बघता सोडला. कुणाची चूक होती का, मुळात चूक होती का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. पण त्याला कोण समजावणार? जंतू एवढा शब्द ऐकला तरी त्याच्या जबड्याची शीर उडायला लागायची.

त्याच आठवड्यात त्याने टाकीचा फिल्टर उघडला. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, लेप चढलेला. त्या माणसाची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. एकतीस वर्षं ज्याच्याशी भांडला ते आपल्याच दिवाणखान्यात, बायकोच्या लाडक्या टाकीत. त्याने स्पंज वीस मिनिटं उकळला. तळाचे खडे उकळले. झाडं ओंडक्यावरून सोडवून, मुळं ब्रशने घासून, जांभळ्या औषधात बुडवून परत बांधली. पाणी सगळंच्या सगळं नवं. मला हाक मारून वर नेलं आणि दाखवलं. खोटं कशाला बोलू, टाकी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. मी म्हटलं, दादा, वहिनी बघून खूश होईल. हे मीच म्हटलं.

चौथ्या दिवशी सगळे मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. पाचव्या दिवशी बटण गेला.

दादाने वही काढली. तारीख, वेळ, कोण, काय दिसलं. कल्ल्यांना लाली, पर मिटलेले, तळाशी बसून. अक्षर अगदी सुबक. आणि उपाय म्हणून पुन्हा सगळं धुतलं, कारण त्याच्या हिशोबाने कुठेतरी घाण राहिली होती. झाडांची पानं आधी काचेसारखी झाली, मग तपकिरी, मग हात लावला की विरघळायची. मास्तर गेला. त्याने स्पंज रोज उकळायला घेतला. दोघी जावा एकाच दिवशी गेल्या, जन्मभर भांडून. जितके मरत तितका हा धुई, आणि जितका धुई तितके मरत. सकाळी सातला त्याच्या बादल्यांचा आवाज वरून सुरू झाला की माझा शिलाई मशीनवरचा पाय थांबायचा.

आणि रोज चार वाजता आम्ही दोघं वहिनीकडे. ती उशीला चिकटून गेली होती. सूप नको, पाणी नको, कुणाशी बोलणं नको. डॉक्टर म्हणाले, तिसरं ऑपरेशन करावं लागेल, पण अंगात ताकद पाहिजे आणि जगायची थोडी इच्छा पाहिजे. इच्छेचं औषध आमच्याकडे नाही, हेही वर म्हणाले. ती फक्त एक प्रश्न विचारायची.

"आजीबाई कशी आहे?"

"मजेत," दादा म्हणायचा.

मग ती माझ्याकडे बघायची. रोज. चाळीस पोरांना आरशातून बघायची ना, तशीच. आणि मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसायचे.

झिपरी गेली तेव्हा मी दादाला ओढत शोभेच्या माशांच्या दुकानात नेलं. दुकानदार तिशीतला, गुडघ्यापर्यंत ओला, पण कामात पक्का. पाणी किती बदलता, त्याने विचारलं. दादा अभिमानाने म्हणाला, रोज, सगळं. स्पंज? रोज उकळतो. दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला. मग शांतपणे समजावलं, की काका, मासे पाण्यात घाण करतात, ती घाण विषारी असते, आणि ते विष खाणारे जीव त्या बुळबुळीत लेपात राहतात. तुम्ही त्यांनाच शिजवलंत. मासे आजारी नाहीत, स्वतःच्याच घाणीत गुदमरताहेत. टाकी अस्वच्छ नाही हो, फार स्वच्छ आहे.

मला एका क्षणात पटलं. दादाचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "जंतूंनी कुणी जगत नसतं. माझी बायको तिकडे जंतूंनी मरतेय." आणि दुकानातून निघून गेला. मी दुकानदाराची माफी मागितली आणि रस्त्यावर याला गाठून इतकं बोलले, इतकं बोलले, की दोन माणसं थांबून बघायला लागली. घरी जाऊन त्याने पुन्हा स्पंज उकळला.

आता टाकीत एकटी आजीबाई. तळाला कलंडून पडलेली, एका बाजूचा कल्ला हलतोय एवढंच. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. मंगळवारी मी दादाला म्हटलं, आज तू सांगतोस की मी सांगू? माझ्याने आता त्या बाईच्या नजरेला नजर देववत नाही. तो गयावया करू लागला. म्हणाला, ती एवढ्या एका धाग्यावर आहे, तोही मीच तोडू का? मी म्हटलं, धागा कधीच तुटलाय, तू नुसतं टोक धरून उभा आहेस. वाईट बोलले. पण बोलले.

वॉर्डात प्रश्न आला, आजीबाई कशी आहे. दादाने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग पलंगाची कड धरून सगळं सांगून टाकलं. बटणपासून झिपरीपर्यंत, वहीत लिहिलं होतं त्याच क्रमाने. मला वाटलं, संपलं. वहिनी डोळे मिटून पडली होती.

"स्पंज कसा धुतलात?" तिने विचारलं.

"उकळला."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"अहो, ते काय बाळाचं बोंडलं होतं?" वहिनी म्हणाली. पाच आठवड्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "नऊ वर्षं मुरलेला लेप तो. मला एकदा विचारता आलं नाही? रोज चार वाजता येत होतात ना? एका वाक्याचं काम होतं."

तेच. एका वाक्याचं काम होतं, आणि आम्ही दोघं तिचं मन जपत बसलो. दादा पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण मलाही माझंच आवरत नव्हतं. वहिनी टाके धरून दम घेत होती. मग तिने ऑर्डर सोडली. "कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे जा. त्याने टाकी घेतली तेव्हा मी त्याला माझ्या स्पंजाचा अर्धा तुकडा दिला होता, झाडाची फांदीही दिली होती. ती माझीच घाण आहे. मागून आणा. नळाखाली धरू नका."

सलूनवाल्याची टाकी आरशाच्या खाली, हिरवीगार, चार मासे आत मस्तीत. ऐकून त्याने गिऱ्हाईक तसंच साबणाच्या फेसात ठेवलं, स्पंज बाहेर काढला आणि केस कापायच्या कात्रीनेच अर्धा कापून टाकीच्या पाण्यासकट पिशवीत दिला. झाडाची एक फांदीही दिली. म्हणाला, काकूंनी बजावलं होतं, याला नळ दाखवायचा नाही. म्हणजे सलूनवाल्याला माहीत, त्याच्या गिऱ्हाइकांनाही माहीत असेल, फक्त घरच्या माणसाला माहीत नाही.

घरी दादा टाकीसमोर पिशवी घेऊन उभा राहिला. रबरी हातमोजे घातले होते. खूप वेळ उभा होता. मग त्याने मोजे काढले, आणि तो काळपट गोळा उघड्या हातांनी पाण्यात पिळला. स्वच्छ काचेत तपकिरी ढग पसरला. मी फांदी ओंडक्याला माझ्या दोऱ्याने बांधली, आणि त्याने रिळाकडे बघून नाक मुरडलं नाही.

बुधवारी सकाळी आजीबाई सरळ झाली. दुपारी तिने एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. चार वाजता दादाने हे वहिनीला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या दिवशी तिने अर्धी वाटी सूप घेतलं. जिना उतरताना दादा माझा दंड इतका घट्ट धरून होता की वळ उठले.

गुरुवारी सकाळी आजीबाई पाण्यावर तरंगत होती. कल्ले आधीच जळून गेले होते, दुकानदार नंतर म्हणाला, उशीर झाला. हॉस्पिटलच्या जिन्यात मी दादाला बजावलं, आज शब्द काढायचा नाही, ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. त्याने ऐकून घेतलं. वहिनीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. तिने विचारलं. आणि हा माणूस म्हणाला, "गेली. आज सकाळी."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते, त्यातच उत्तर मिळालं असणार. स्ट्रेचर ढकलणारा माणूस दाराशी थांबून होता. वहिनी म्हणाली, "मग आता ती घाण उपाशी ठेवू नका. मासे नसले तरी रोज टाकत जा. चिमूटभर, दिवसातून एकदाच."

दार बंद झालं. साडेपाच तास.

पुढचे पाच दिवस ती काचेपलीकडे होती, गळ्यात नळी, अंगाला तारा. डॉक्टर फक्त वाट पाहा म्हणायचे. आणि दादा रोज सकाळी सातला रिकाम्या टाकीसमोर उभा राहून चिमूटभर खाणं आत टाकायचा. दाणे हळूहळू तळाला जायचे, खायला कुणी नाही. पाणी गढूळ, काचेला हिरवट साय. त्याने एकदाही फडकं उचललं नाही. जंतूंना जेवू घालून तो जंतूंशी लढणाऱ्या बायकोकडे जायचा, आणि काचेच्या दाराशी कोपरापर्यंत हात धूत बसायचा, इतका वेळ की नर्स त्याला नळावरून बाजूला करायची.

सहाव्या दिवशी सकाळीच आम्हाला आत सोडलं. वहिनीचे डोळे उघडे होते. बोलता येत नव्हतं. तिने चादरीवरचा हात जरासा उचलला आणि अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली.

"टाकलं," दादा म्हणाला. "आत्ताच टाकून आलो."

मी मान डोलवायला तयार होते. पण या वेळी तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.