कूलरचं गवत

बदकांना थंडी लागते असं मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट लागत नाही असंच सांगितलं होतं, आणि सांगणारी बाई भंडाऱ्याकडच्या एका तलावाकाठी बदकांतच लहानाची मोठी झाली होती. पण मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक काढायची खोड निवृत्तीनंतर सुटत नाही, वाढते. घरात मी एकटी, ऐकून घ्यायला वर्ग नाही, म्हणून जो कोणी सापडेल त्याला मी विद्यार्थी करते.

बदकं माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे स्वयंपाकाला आणि भांड्यांना एक बाई येते, सात वर्षं झाली. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या भावानं तिला सहा बदकं दिली. तिची खोली दहा बाय दहाची, तिथे बदकं ठेवणार कुठे? माझ्या घरामागे मोकळी जागा आहे, जुना सिमेंटचा हौद आहे, लिंबाचं एक झाड आहे. तिनं विचारलं, मी हो म्हटलं. हो म्हणताना आपण फार उदार आहोत असं मला वाटलं होतं, तेही लिहायला हवं.

खुराडं तिच्या नवऱ्यानं बांधलं, टिन आणि जाळी आणून. हा माणूस पूर्वी प्यायचा. बदकं आली तेव्हा दारू सोडून त्याला दहा महिने झाले होते, आणि बायकोनं त्याच्यावर एकच काम सोपवलं होतं. रोज दिवेलागणीला यायचं, बदकं आत घ्यायची आणि कडी लावायची. पाच मिनिटांचं काम. पण ज्याच्याकडे घराची किल्लीसुद्धा राहत नव्हती, त्याच्या भरवशावर आता सहा जीव होते. तो धुतलेला शर्ट घालून यायचा. बदकं कोंडायला धुतलेला शर्ट कशाला, असं म्हणून मी हसायचे. तो तोंडानं चुकचुक करायचा आणि सहाही बदकं डुलत डुलत त्याच्या मागे चालू लागायची.

डिसेंबरात थंडीची लाट आली. नागपूरचा पारा आठाच्या खाली गेला की एरवी उन्हाळ्याच्या बढाया मारणारे आम्ही सगळे कानटोप्या घालून शेकोटी शोधत फिरतो. मला बदकांची काळजी वाटू लागली. खरंच वाटू लागली, ते खोटं नाही. मी मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहायला लागले. तिकडे बर्फात बदकं पाळणारे लोक खुराड्याला चहूबाजूंनी आच्छादन करतात, खाली जाड थर पसरतात. मी वहीत टिपणं काढली. आकृती काढून तिला नावंसुद्धा दिली.

"मॅडम, बदकाले थंडी नाही लागत जी," आकृती पाहून ती म्हणाली. "त्याचं पीस तेलकट असते. खाली धानाचं कोरडं तनीस टाका, वरून हवा खेळू द्या, बस. त्याले ओल नाही चालत अन् कोंडलेली हवा नाही चालत."

"तू पोळ्या पाहा," मी म्हटलं. "बदकांचं मी बघते."

दुसऱ्याच दिवशी तिच्या आईच्या आजारपणाचा निरोप आला आणि ती आठ दिवसांसाठी माहेरी गेली. जाताना म्हणाली, "तुम्हाले काहीच पाहा लागत नाही जी. हे येत जातीन संध्याकाळी." काहीच पाहायचं नाही म्हणजे काय? मला ते वाक्य चांगलंच झोंबलं.

इथल्या प्रत्येक घरात असतो तसा लोखंडी कूलर माझ्याकडेही आहे. दिवाळीच्या सुमारास त्याला प्लास्टिक गुंडाळायचं, जाळीतलं, उन्हाळाभर भिजलेलं गवत काढून फेकायचं, उन्हाळ्याला नवं भरायचं, ही आमची रीत. मी मात्र गवत फेकत नाही. टाकाऊतून टिकाऊ करायला मुलांना मीच शिकवायचे, त्यामुळे दोन वर्षांचं गवत जिन्याखाली पोत्यात भरून ठेवलं होतं. पोतं उघडलं तेव्हा कुबट वास आला, पांढरी भुकटी उडाली आणि मला चार शिंका आल्या. पाण्यातले क्षार असतील, असं निदान करून मी ते सगळं गवत खुराड्यात वीतभर जाड पसरलं. मग कूलरवरचं प्लास्टिक काढून खुराड्याभोवती गुंडाळलं आणि सुतळीनं असं बांधलं, की फट म्हणून उरली नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल!

संध्याकाळी तिचा नवरा आला. खुराड्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हवा कोठून येईन जी?"

"थंडी कुठून येईल ते आधी विचारा," मी म्हटलं.

त्यानं बदकं आत घेतली, कडी लावली आणि तो गेला. मागाहून पाहते तर वरची सुतळी त्यानं सैल केली होती. मी ती पुन्हा आवळली. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं सैल केली, मी आवळली. तिसऱ्याही दिवशी तेच. दोघंही त्यावर एक अक्षर बोललो नाही. मला तर त्याची गंमत वाटत होती.

चौथ्या दिवशी एक बदक चोच वासून श्वास घेताना दिसलं. थंडी बाधली, असं मी ठरवलं आणि पोत्यात उरलेलं गवतही आत कोंबलं. पाचव्या दिवशी सकाळी दोन बदकं मेलेली होती. चोच वासणारं तिसरं कसंबसं जिवंत होतं. ते खोक्यात घालून मी ऑटोनं जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बदकाच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "खाली काय घालता?"

"तणीस," मी म्हटलं.

विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"कूलरचं गवत तर नाही ना? ओलं राहून बुरशी धरलेलं? हिवाळ्यात कोणी ना कोणी तेच घालून आणतं. बुरशी फुप्फुसात जाते, मग हातात काही राहत नाही."

"छे हो! मी विज्ञानाची शिक्षिका आहे."

तिनं मान डोलावली आणि औषध लिहून दिलं. बदक परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवरच्या खोक्यात मेलं. मी घरी आले, प्लास्टिक फाडून काढलं, गवताचा कण न् कण पोत्यात भरला आणि पोतं कचरागाडीत दिलं. तिन्ही बदकंही त्याच गाडीत दिली. खड्डा खणायला कोणाला बोलावलं असतं, तर विचारणा झाली असती.

संध्याकाळी तो आला. तीनच बदकं पाहून माझ्याकडे वळला.

"मुंगूस आलं होतं पहाटे," मी म्हटलं.

तो कडीकडे पाहत उभा राहिला. मग उघड्या जाळीकडे पाहिलं, खालच्या झाडून घेतलेल्या जमिनीकडे पाहिलं. त्यानं कुठून तरी कोरडं तणीस आणलं, ते अंथरलं आणि तिघांना आत घेतलं. ती तिन्ही बदकं वाचली. त्यात माझा काही हात नव्हता.

ती माहेरून आली त्या संध्याकाळी आम्ही तिघंही मागच्या अंगणात होतो. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तिनं मला विचारलं, "मुंगूस आत शिरलंच कसं जी?"

"कडी लागली नसेल बहुतेक," मी म्हटलं.

त्या 'बहुतेक'च्या आड मी लपले. त्याचं नाव मी घेतलं नाही, असं नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला बजावत होते. नाव घ्यायची गरजच नव्हती, कडी लावणारा एकच माणूस होता.

ती नवऱ्याकडे वळली. "घेतली होती काय तुम्ही?"

"नाही."

"मंग कडी काहून नाही लागली?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण मला बोलायला पुरेसा होता. मी चहा सांडू नये म्हणून ट्रे सरळ धरण्यात गुंतले. मग तो म्हणाला, "राहिली असन."

"तोंड इकडं करा."

तो उंच आहे. तिला वास घेता यावा म्हणून तो वाकला. माझ्यासमोर, माझ्या अंगणात, धुतलेला शर्ट घातलेला तो माणूस मान खाली करून बायकोपुढे तोंड उघडून उभा राहिला. झालेल्या प्रकाराला तेव्हा तीन दिवस लोटले होते. त्या वासावरून काही कळणार नाही, हे तिलाही माहीत होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "चहा घ्या, गार होतोय."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ती स्वतः यायला लागली. तो आला नाही. पोळ्या लाटता लाटता ती मला सांगायची, "आता रोज वास घेतो जी मी. भरोसा नाही राह्यला." मी ऐकून घ्यायचे. खाई त्याला खवखवे. मी त्याच्यासाठी सीताबर्डीच्या बाजारातून स्वेटर आणला, तो तिनं परत आणून दिला. म्हणाली, "चुकीच्या मानसाले बक्षीस काहून देता?" ते ऐकूनही मी गप्प बसले. इतकी भित्री मी असेन, असं मला आयुष्यभर वाटलं नव्हतं. कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गासमोर उभं करून खरं बोलायला लावलं होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दुपारी आम्ही दोघी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तीन बदकं हौदात होती. मी मान वर न करता एका दमात सगळं सांगितलं, कूलरचं गवत, प्लास्टिक, सुतळी, डॉक्टर, कचरागाडी. तिचे हात थांबले. बदकांबद्दल ती काही विचारेल असं मला वाटलं होतं.

"कडी लागली होती?" तिनं विचारलं.

"लागली होती. रोज लागत होती."

हातातली अर्धी सोललेली शेंग तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "मले काहून सांगता? त्यायले सांगा."

मी तशीच उठले. पलीकडच्या गल्लीतल्या एका फ्लॅट स्कीमच्या इमारतीवर तिचा नवरा चौकीदारी करतो. मला पाहून त्यानं खुर्ची सोडली आणि ती माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं.

"मले माहीत होतं जी," तो म्हणाला.

"मग बोलले का नाही?"

"तुम्ही मॅडम. तुमच्यासमोर माहं कोन खरं मानन?" हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर मला सोसलं असतं. तो मला समजावून सांगत होता. मग त्यानं विचारलं, "बाकीचे तिघं बरे हायेत नं? महिना झाला, पाह्यले नाही."

मी घरी आले ती पार हलकी होऊन. तेवढ्यानं मला हलकं वाटलं, याचीसुद्धा आता लाज वाटते. ती अजून उन्हात शेंगा सोलत होती. निकाल लावून टाकल्यासारखी मी म्हटलं, "सांगितलं मी त्याला. उद्यापासून बदकं कोंडायला त्यालाच पाठव."

तिनं वर पाहिलं नाही.

"मी कोन्त्या तोंडानं सांगू जी त्यायले?" ती म्हणाली. "महिनाभर रोज त्यायच्या तोंडाचा वास घेतला मी."

चूक माझी होती, आणि खाली मान घालून ती बसली होती.