कोरड्या विहिरीतली चांदी

मी पाणाड्या होतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचं आणि नारळ उभा राहिला की तिथं टाच मारायची, हा माझा धंदा. विहिरीला पाणी लागलं की पहिला तांब्या पाणाड्यानं प्यायचा, मग घरच्यांनी, अशी आमच्याकडची रीत. कपिलधारच्या वरच्या अंगाच्या डोंगरपट्टीत कितीतरी विहिरींचा पहिला तांब्या मी प्यायलो होतो आणि त्याची मिजास मी लपवत नसे. फक्त एक विहीर कोरडी गेली होती. ती नेमकी आमच्याच गावात.

विहीर माझ्या शेजाऱ्याची. जागा मीच दाखवलेली. नवरा-बायको दोघांनी खपून ती सात परस नेली, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल. मग पांढऱ्या चकाकत्या गारेची शीर लागली, दगड हटेना. मी खाली उतरलो, दगडाची कपची चाटून पाहिली आणि सांगितलं, "थांबा. खाली काय न्हाई." ते थांबले. पुढं शेजारी दगड फोडायच्या कामावर दूर गेला आणि तिकडंच तापानं वारला. त्याच्या बायकोला मी वैनी म्हणायचो. ती एकटी ते रान पावसाच्या भरवशावर करत राहिली. तिनं मला कधी बोल लावला नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

आठ वर्षांनी त्या विहिरीच्या ढिगाऱ्यातली एक कपची कुणी बीडला नेली, तिथून ती हैदराबादला पोचली आणि चांदीची हूल उठली. चैत्रात तिकडून एक सरकारी साहेब आले. हडकुळे, शांत, हातात कायम छत्री. त्यांना स्वतःला चांदीची फारशी आशा नव्हती, पण हुकूम होता. विहिरीतच आणखी तीन परस खाली जायचं, तिथून आडवं भुयार काढायचं आणि शीर पुढं कुठवर जाते ते पाहायचं.

विहिरीकाठच्या कडुलिंबाखाली त्यांनी नकाशा पसरला. तोंडाशी रहाट. सुरुंगाच्या दारूची झोपडी पार ओढ्यापलीकडं. गाडीवाट वैनीच्या बांधावरून, आणि निघालेला दगड तिच्या ज्वारीच्या पट्टीत. त्यांच्याजवळ आणखी एक कागद होता. जमिनीच्या पोटात शिरताना वर काय काय बिघडेल, ते त्यावर लिहायचं होतं. असा कागद मी पुन्हा कधी पाहिला नाही. ओढ्यावर ढोरं पितात का, दगडाची भुकटी पावसात तिकडं वाहून जाईल का, सगळं ते विचारून विचारून लिहीत होते. शेवटी त्यांनी नकाशात लिंबावर फुली मारली, कारण रहाटाचा ओटा तिथंच यायचा होता.

तो लिंब वैनीनं ओढ्याचं पाणी डोक्यावरून आणून जगवला होता. कोरड्या विहिरीच्या काठी!

"किती दिसांचं काम हाय?" तिनं विचारलं. दोन महिन्यांचं, असं कळल्यावर म्हणाली, "आन् लिंब दोन महिन्यात परत येतो व्हय?"

साहेबांनी मला बोलावलं. खाली पाणी असेल तर ते हा खटाटोप सोडून देणार होते. उपसायला त्यांच्याकडं ना माणसं होती ना यंत्र. "नीचे पानी है क्या? साफ बोलो."

दोर धरून मी उतरलो. तळाशी, शिरेखालच्या फटीत, एक बेडूक बसला होता. जिवंत आणि ओला. चैत्राच्या उन्हात पाणाड्याला आणखी काय सांगावं लागतं? पाणी आहे म्हणालो तर आठ वर्षांपूर्वी मी चुकलो होतो, हे साऱ्या गावासमोर कबूल करणं आलं. नाही म्हणालो तर माझं नाव राहत होतं. वैनीचा लिंब आणि रान जात होतं.

वर येऊन मी म्हणालो, "थेंब न्हाई, साहेब."

"भाऊजी म्हणतेत तर न्हाईच," वैनी म्हणाली आणि लिंबाला बांधलेली शेळी सोडून घेऊन गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंब पडला. चौथ्या दिवशी सुरुंग उडवला. धूर निवल्यावर माणसं खाली गेली ती ओरडतच वर आली, आणि ऊन कलेपर्यंत पहारी, घण सगळं पाण्याखाली गेलं. साहेब चिडले नाहीत. नकाशावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली, दुसऱ्या कागदावर तोडलेल्या लिंबाची नोंद केली आणि सामान आवरायला सांगितलं.

गाव लोटला. "काय बे, थेंब न्हाई म्हणलतास ना? चल की पोहायला!" एकानं मला टोमणा हाणलाच. कुणीतरी विचारलं, किती खाली लागलं? खोदणाऱ्यानं कोपरापासून हात दाखवला. "दोन हात. लई न्हाई, दोनच हात."

वैनीनं ते ऐकलं. मग घागर सोडली, वर ओढली, तांब्या भरला आणि माझ्याकडं आली. मी लिंबाच्या खुंटावर बसलो होतो. आता तोंडावर फेकणार, असं वाटलं. फेकावाच असंही मनापासून वाटलं. तिनं तो दोन्ही हातांनी पुढं केला.

"घ्या, भाऊजी. तुमीच दावलेली जागा हाय. पयला मान तुमचा."

पाणी गढूळ होतं, त्याला सुरुंगाच्या दारूचा वास होता. मी तांब्या रिकामा केला. त्यानंतर नारळ काही हातावर धरला नाही.

वैनी आता नाही. बेडकाचं मी तिला कधीच सांगितलं नाही.