मागचा भाग थंड खोलीत

आमचा खाटीक, ज्याला सगळा बाजार दादा म्हणतो, पुस्तकसुद्धा तोडूनच वाचायचा. जाडजूड रहस्यकथा लाकडी ठोकळ्यावर ठेवायची, मध्य पाहून सत्तूर घालायचा, एका घावात दोन भाग. पुढचा भाग गल्ल्याशेजारी. मागचा पिशवीत घालून थंड खोलीत, सोललेल्या बोकडांच्या रांगेत आकड्याला टांगलेला. कोणी शेवटची पानं चोरून पाहू नयेत म्हणून ही व्यवस्था. कोणी म्हणजे मेहुणे. दुकानात काम करणारे आणि वाचणारे दोघेच: दादा आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुढचा भाग दोघांनी संपवायचा, आपापला खुनी जाहीर करायचा, मगच पिशवी खाली उतरायची.

लेखक एकच. तो कधीच मरून गेला, पण जाण्याआधी पुस्तकांतून त्याने एका गावाला पुरतील एवढी माणसं मारली होती. विषाने, दोरीने, उशीने, एकदा तर जिन्यावरून कपाट ढकलून. दादाने त्याची सगळी पुस्तकं पहिल्यापासून ओळीने वाचायला घेतली होती आणि आता शेवटचं चालू होतं. इतक्या वर्षांत त्याला एकही खुनी ओळखता आला नव्हता. दादाचा संशय हमखास तापट माणसावर जायचा आणि खून निघायचा कुणा मऊ आवाजाच्या गृहस्थाने केलेला. मेहुणे मात्र पहिलं पुस्तक सोडलं तर दर वेळी अचूक. दादाची बायको, म्हणजे वहिनी, वाढता वाढता म्हणायची, नणंदेच्या नवऱ्याला डोकं मिळालंय, आमच्या वाट्याला नुसता सत्तूर. या शेवटच्या पुस्तकातही खुनी हुकला, तर दादा जन्माचा नापास.

त्या दुपारी पुढचा भाग संपवून दादाने छाती फुगवून जाहीर केलं की खुनी माळी. पुराव्यादाखल माळ्याने कुत्र्याला फावडं फेकून मारल्याचं पानही दाखवलं.

मेहुणे खांद्याचं हाड सोडवत होते. त्यांना हसू आवरलं नाही.

"माळी कसा असेल, दादा? त्यालाच तर विहिरीत ढकलतात."

पुढच्या भागात विहीर नव्हती. विहीर पिशवीत होती आणि पिशवी आकड्याला होती. दादाचं डोकं इतर बाबतींत सावकाश चालतं, पण हे त्याला लगेच कळलं.

बहिणीच्या नवऱ्याला अहो-जाहो करायचं, ही त्यांच्या घरची रीत. ती त्या दिवशीही मोडली नाही. "अहो, जरा इकडे या," म्हणत दादाने बोकडाची अख्खी तंगडी मेहुण्यांच्या जबड्यावर हाणली. दोन दात खाली पडले. मेहुण्यांनी तराजूतलं वजन फेकलं, त्याने दादाची भुवई फाटली आणि मागची काच फुटली. मग हाडांची टोपली, मग आकडा, मग नुसतेच गुद्दे. खिम्याला आलेल्या बाई दाराआड गेल्या, पण घरी गेल्या नाहीत. त्यांचा खिमा तोलून झाला होता.

शेवटी दादाने मेहुण्यांचं तोंड ठोकळ्यावरच्या खिम्यात दाबलं आणि पाठीवर गुडघा रोवला.

"किती पुस्तकं अशी वाचलीत?"

"सगळी. पहिलं सोडून."

"पहिलं का सोडलंत?"

"पहिल्यात खरोखर चुकलो होतो. तुम्ही आठवडाभर हसत होता."

"हात ठेवा, मेहुणे. नीट ठेवा."

नुसतं घाबरवायचं होतं, असं दादा आजही म्हणतो. सत्तूर पडला तेव्हा मेहुण्यांच्या डाव्या करंगळीचं पेर खिम्याशेजारी वेगळं झालेलं होतं. रक्ताची चिळकांडी दादाच्या तोंडावर उडाली आणि तो बकरीसारखा ओरडला. मग आपला एप्रन त्या हाताला गुंडाळून, मेहुण्यांना खांद्यावर टाकून तो भर बाजारातून दवाखान्यापर्यंत धावत गेला.

डॉक्टरांनी दोघांना टाके घातले आणि नियमाप्रमाणे हवालदाराला बोलावलं. त्याच्याआधी ताई पोहोचली, मेहुण्यांची बायको. तिने भावाला एक आणि नवऱ्याला एक अशी मुस्काटात दिली आणि मग रडायला बसली. हवालदाराने विचारपूस केली तेव्हा मेहुणे बोळक्या तोंडाने म्हणाले की हाड निसरडं होतं, आपल्याच हातातला सत्तूर घसरला. ताईने मान डोलावली. हवालदारही उठायला लागला. दादाने फक्त गप्प राहायचं होतं.

दादाच्या टाके घातलेल्या कपाळाला आठी पडली.

"हे पटत नाही," तो म्हणाला. "मेहुणे डावखुरे आहेत. सत्तूर डाव्या हातात, मग डावीच करंगळी कशी तुटेल?"

हवालदार परत बसला. मेहुण्यांनी डोळ्यांनी खूप खुणा केल्या.

"आणि दात? सत्तूर घसरला तर दात कशाने पडतील?"

"दादा, पाया पडतो, गप्प बसा."

"थांबा हो, आत्ता कुठे सुचतंय." दादा उभा राहिला. तोंडावर रक्त सुकलेलं, पण डोळे लग्नघरातल्यासारखे चमकत होते. "दुकानात तीन माणसं. बाई दाराआड. मेहुणे स्वतःचं असं करणार नाहीत, त्यांना साधी सुई टोचलेली चालत नाही. म्हणजे घाव घालणारा एकच उरतो. मी."

ताईने डोक्याला हात लावला. हवालदाराने दादाचं मनगट धरलं. दारातून बाहेर पडता पडता दादाने वळून पाहिलं.

"काय मेहुणे, बरोबर ना?"

"बरोबर," मेहुणे म्हणाले. "आणि मागचा भाग न वाचता."