लेबलावरचं तांबं

शैलजा मेंढे हिंदी मुलखातल्या एका शहरात, गोरखपूर मोहल्ल्यातल्या एका खाजगी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वडील रामराव जन्मभर कारखान्याच्या ओतशाळेत राबले. घरात नवं भांडं आलं की ते आधी बोटानं वाजवणार, बुडाशी कानस मारून बघणार, मगच ते शेगडीवर चढणार. लेकीनं वर्गाला हेच शिकवलं होतं: नावावर जाऊ नका, परीक्षा घ्या. लोखंड जमिनीत उदंड, तांबं त्या मानानं फारच थोडं, म्हणून महाग, आणि म्हणूनच लबाडाला मुलामा सुचतो तो तांब्याचा.

सरकारी तपासणीच्या आठवड्यात शाळेनं धातूंच्या नमुन्यांची नवीकोरी पेटी आणली. शैलजानं तांब्याच्या तुकड्याला चुंबक लावलं, तर ते चटकन चिकटलं. आत लोखंड, वर लाल मुलामा. तिनं प्राचार्य चंद्रशेखरजींना दाखवलं. ते हसले, पेटी कपाटातच राहणार आहे म्हणाले, आणि त्यांनी स्टॉक रजिस्टर पुढं सरकवलं. तिचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं. ‘नमुने तपासून घेतले’ याखाली तिनं मुकाट्यानं सही केली. मेलं पेनसुद्धा अडखळलं नाही.

तपासणीच्या साहेबांनी नेमकी तीच पेटी उघडायला लावली. पहिल्या बाकावरच्या प्रियंकानं, शिकवलं होतं तसं, तांब्याला चुंबक लावलं. ते चिकटलं. पोर गोंधळली.

“मॅडम, यह तो लोहा है ना?”

चंद्रशेखरजी मागं खाकरले. साहेब घड्याळ बघत होते.

“नहीं बेटा, तांबा है. लेबल पढ़ो,” शैलजा म्हणाली.

साहेब समोसे हाणून गेले. चंद्रशेखरजींनी तिला शाबासकी दिली, तेव्हा तिला त्यांची शिसारी आली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त स्वतःची. जीभ घासून धुवावी असं तिला वाटत राहिलं.

संध्याकाळी गढा मोहल्ल्यातल्या घरी ती वह्या तपासायला बसली. ताट तसंच निवत पडलं.

“काहून जेवून नाही राहिली?” रामरावांनी विचारलं.

तिनं प्रियंकाची वही पुढं केली. गुणधर्मांच्या तक्त्यात लिहिलं होतं, ‘तांबा चुंबक से चिपकता है.’ मधे एक ‘नहीं’ होतं, ते नीट पट्टी धरून खोडलेलं. बाकीच्या चाळीस वह्यांतही हेच वाक्य होतं.

“कोनं शिकवलं हे पोरीले?”

“मीच, बाबा.” मग तिनं सगळं सांगितलं.

रामरावांनीही आपलं ताट बाजूला सारलं.

शैलजानं लाल पेन उचललं आणि त्या ओळीखाली लिहिलं, ‘वह टुकड़ा लोहे का था. झूठ मैंने बोला.’ एकेचाळीस वह्यांत तिनं तेच लिहिलं. प्रत्येक वेळी खाली सही केली, रजिस्टरमध्ये केली होती तशीच, पूर्ण नावाची.