काठीचा मान आणि नडगीचं हाड

आमचं गाव सोनईपासून जवळच. यात्रेला देवाची काठी वेशीपासून देवळापर्यंत अनवाणी न्यायची, आणि तो मान सुट्टीवर आलेल्या फौजीचा. त्या वर्षी तो माझ्या नवऱ्याला मिळाला होता. रणगाड्यावर काम करताना त्यांची नडगी मोडली होती, आत सळई होती. जखम कधीच भरली, असं ते सांगायचे.

सांगणारे ते, पण धुणं धुणारी मी! मोज्यावर पिवळा डाग दिसला, त्याचा वास आला, तशी मी त्यांना पँट वर करायला लावली. नडगीवर बारीक भोक, त्यातून पू झिरपत होता.

"सिक रिपोर्ट का न्हाई केला? पलटणीतल्या डाक्टरला का न्हाई दावलं?"

"एवढ्याशासाठी? पलटणीतली पोरं कामचुकार म्हणत्याल."

मोडेन पण वाकणार नाही, असा हा माणूस. अंगात ताप, तरी फेटा बांधून वेशीत गेले. मीही मागोमाग गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काठी दुसऱ्याला द्या. ह्यांच्या हाडात पू झालाय."

वाजंत्री थांबली. सासरे लालबुंद झाले. "फौजीच्या बायकोनं गावात अशी अब्रू घालवावी?"

"अब्रू परत मिळंल, मामा. पाय न्हाई मिळायचा."

काठी चुलतदिरानं उचलली आणि आम्ही जीपनं नगरच्या लष्करी दवाखान्यात गेलो.

जंतू हाडातून गुडघ्याजवळ पोचले होते. सांध्यात शिरले तर पाय मांडीपासून कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सळई काढली, सडलेलं हाड खरवडलं, मग कित्येक आठवडे शिरेतून औषध. नवरा माझ्याशी बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मीही काही कमी नाही. नगरातच राहणाऱ्या नणंदेकडून डबा आणायचे आणि तिथंच ठाण मांडून बसायचे.

पाय वाचला असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी पलटणीतले सुभेदार भेटायला आले. "बरं झालं, वेळेवर आलास," ते म्हणाले.

"मी नाही आलो, साहेब." हे उठून बसले. "मी लपवलं होतं. हिनं आणलं, गावासमोरून ओढून."

"पलटणीत सांगशील असं?"

"एकेकाला बूट काढायला लावून सांगीन."

माझा नवरा शूर आहे, हे गाव सांगतंच. पण मला त्यांचा खरा अभिमान वाटला तो त्या दिवशी. आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही.