बट्टी तळून होईपर्यंत

"दोन्हीस्मा मुकं कोन शे, पोर का कुत्रं?"

स्वयंपाकघरातून नानांचा आवाज आला. अक्कांनी त्यांना दटावलं, पण हसतच. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले. अहिराणी मला बोलता येत नाही. कळते मात्र सगळी; आम्हा दोघांत मुकं कोण, हा प्रश्नही कळला.

जळगावहून धुळ्याला, ओळखीतून कळलेल्या या म्हाताऱ्या नवराबायकोकडे, मी या कुत्र्यासाठी घर बघायला आले होते. महामार्गावर गाडीने उडवल्यापासून त्याचा मागचा भाग निकामी होता. पुढच्या दोन पायांवर तो स्वतःला ओढत चालायचा. लघवीसुद्धा आपोआप व्हायची नाही, पोट दाबून काढावी लागायची. मी घरून काम करायचे. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, माइक बंद, आणि खुर्चीखाली तो. जेवताना आईबाबांशी काय बोलायचे तेवढंच. बाकी दिवसभर माझं बोलणं त्याच्याशी, तेही मनातल्या मनात. आता कंपनीने पुण्याला बोलावलं होतं. तिथल्या फ्लॅटवर कुत्रं चालणार नव्हतं, आणि बाबा दिवसभर कामावर असताना त्याला उचलणं आईच्या गुडघ्यांना झेपलं नसतं.

याआधी जळगावातल्याच एका जोडप्याने त्याला नेलं होतं. दोन दिवसांत परत आणून सोडलं, ओल्या चादरीसकट. "हे तुम्ही नीट सांगितलंच नाही," ती मुलगी म्हणाली. इन्स्टावर मी सगळं लिहिलं होतं, इंग्रजीत. तिथे ते किती स्वच्छ वाटायचं. तेच मराठीत, समोर माणूस बसलेलं असताना, मला तोंडातून काढता येत नव्हतं. शाळेत लघवीला जायचं असलं की आम्ही नुसतं 'मे आय' म्हणून उभ्या राहायचो, पुढचं बाईंना कळायचं.

अक्कांनाही फोनवर मी 'त्याची थोडी जास्त काळजी घ्यावी लागते' एवढंच म्हटलं होतं. त्यांची मुलं सुरतेला. "राखण-बिखण नको आम्हाला," त्या म्हणाल्या होत्या, "घरात काहीतरी हललं-डुललं पाहिजे."

पोचल्यावर आधी सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून आले होते. पण दारातच अक्का म्हणाल्या, "जेवल्याबिगर जावानं नही." कणकेच्या बट्ट्या उकडून झाल्या होत्या, तळायच्या बाकी होत्या. पाहुण्याने मध्येच उठणं त्या घरात चालण्यासारखं नव्हतं. आणि जेवणावर बसलेल्या माणसांपुढे हा विषय? घाण्यामागून घाणा निघत गेला. सकाळी निघताना मी त्याचं पोट रिकामं केलं होतं, आता दुपार कलली होती. तो धापा टाकत होता. मी हळूच हात लावून पाहिलं. पोट टणक लागलं.

ताटं वाढली. वरणात बट्टी कुस्करून नानांनी वर तूप ओतलं आणि म्हणाले, "खाय माय, लाजू नको." खोलीतून कुत्रं बारीक कण्हलं. मी हातातला घास ताटात ठेवला.

"नाना, मला उठावं लागेल," मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "त्याची लघवी काढायचीय. त्याला स्वतःहून होत नाही. रोज तीन-चार वेळा काढावी लागते. तो आहे तोवर."

नानांचा हात ताटातच थांबला. "मंग गावले, लगीनले जावानं कसं?"

मी उठले, हात धुतला आणि त्याला उचलून मोरीत नेलं. मला जळगावहून घेऊन आलेला गाडीवाला दाराशीच उभा होता. परतीचा रस्ता मला दिसायला लागला, मांडीवर हेच ओझं, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं.

"तुमी जा लगीनले. मी घर राहसू," अक्कांचा आवाज आला. मग त्या मोरीत येऊन माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. "दखाड माले."

मी त्यांचा हात धरून त्याच्या पोटाशी नेला. तळणीने त्यांची बोटं तुपकट झाली होती.

"काही समजस नही, माय."

"थोडं मागे," मी म्हणाले. त्यांनी दाबलं ते चुकलं. पुन्हा चुकलं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवून दाब किती द्यायचा ते दाखवलं, आणि हळूहळू माझा हात सैल केला. मोरीत धार पडली. तो अक्कांच्या गुडघ्याला टेकला आणि डोळे मिटले. माझे हात मोकळेच होते, त्यांचं काय करावं कळेना, म्हणून मी ते मांडीवर ठेवले.

"जमलं," मी म्हणाले. "अक्का, जमलं तुम्हाला."