मंदामावशीचा पहिला अंक

मंदामावशीकडे चहाला गेलं की कपाबरोबर 'वज्रसेन'चा पहिला अंक हातात पडायचा. पाहुणा कोण, कशासाठी आला, ही चौकशी नंतर. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही तिने तो दिला होता. घामाघूम झालेल्या त्या बिचाऱ्याने अंकाने वारा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा केवढा आरडाओरडा झाला!

पांढरकवड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली, एकटी राहणारी, बुद्धविहारातल्या बायांमध्ये सगळ्यांत मोठा आवाज असलेली. वज्रसेन म्हणजे हिंदीतली जुनी चित्रकथा, शंभराच्या वर अंक. मावशीच्या कपाटात ते सगळे होते, प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेले. तिला हवा होता फक्त एक माणूस, सगळे अंक वाचलेला, ज्याच्याशी शेवटाबद्दल बोलता येईल. "मले बोलाचं हाय रे कोनाशी तरी," म्हणायची, "पन आधी वाचा तं खरं!"

वाचणार कसं? सुरुवातीचे अंक भिकार होते, दुसरा शब्द नाही. वज्रसेन तीन अंक एकाच मगरीशी झुंजतो. एका चित्रात त्याच्या हाताला सहा बोटं आहेत. खलनायक दर पानावर नुसता हसतो. माझी बायको शोभा दुसऱ्या अंकातच उठली आणि भाजी निवडायला बसली. मी कसाबसा मगरीपर्यंत पोचलो. पुढे गोष्ट फार सुंदर होते असं मावशीच सांगायची, पण एकदम मधला अंक मागितला की कपाटाला पाठ लावून उभी राहायची.

"मावशी, तुम्हीच म्हणता ना, पहिले अंक रद्दी आहेत?"

"हायेतच रद्दी. मी कुठं नाई म्हनून राह्यली?"

"मग चांगल्यापासून द्या ना लोकांना. गोडी लागली की मागचं वाचतील."

"वरनाशिवाय भात खाशीन का तू? गुपचाप पहिल्यापासून वाच."

या बाईपुढे डोकं आपटून घ्यावं असं वाटायचं. एक माणूस हवा म्हणून जीव टाकायची आणि आलेल्या प्रत्येक माणसाला त्या मगरीच्या तोंडी द्यायची! गल्लीतल्या मुली सुट्टीत यायच्या, तीन दिवसांत गळायच्या. मग मावशी आठवडाभर घुम्यासारखी बसायची आणि शोभाकडे तक्रार करायची, "आजकालच्या पोरीयले दमच नाई."

मागच्या उन्हाळ्यात मी मोबाईलच घेऊन गेलो. एका जाणत्या वाचकाने नव्या वाचकांसाठी व्हिडिओ केला होता. त्याचं स्पष्ट म्हणणं होतं की पहिले तीस अंक सोडा, थेट एकतिसाव्यापासून सुरू करा. मावशीने चष्मा लावून तो पूर्ण पाहिला. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"हा पोट्टा मूर्ख हाय."

"काहून मूर्ख? नीट समजावून सांगतो आहे. तुम्ही मात्र एकदाही कारण सांगितलं नाही!" माझाही आवाज चढला. "नुसता हट्ट. असंच चाललं तर एक माणूस वाचणार नाही तुमचा वज्रसेन. मरेपर्यंत एकट्याच बसाल कपाट धरून!"

बोलून गेलो खरा. मावशी लाल झाली.

"कारन पाह्यजे तुले? आयक. मी मधूनच सुरू केलतं. ड्युटीवर जाताना यष्टीच्या सीटवर कोनाचा तरी अंक पडला होता, कव्हर फाटलेला. त्याच्यातच तो मेला! वज्रसेनचा लहाना भाऊ, चंदन. मंग मी मागचे अंक जमवले, नागपूरच्या फुटपाथावरून, आदिलाबादेतून, कुठून कुठून. त्या रद्दी अंकायमंदी एकच गोष्ट चांगली हाय, तो चंदन. सारखा हासते. अन् तो हासला का मले रडू ये. मले मालूम होतं ना तो मरनार हाय! म्हनून म्हनतो, पहिल्यापासून वाचा. तुमाले तं तो जिता भेटू द्या..."

आणि तिने तोंडावर हात ठेवला.

आपण काय करून बसलो हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. इतकी वर्षं जे कोणाला कळू दिलं नाही, ते माझ्याशी भांडताना तिनेच फोडलं होतं.

"तू कामातून गेला," ती हळूच म्हणाली. तिने कपाट उघडलं आणि बाजूला झाली. "घे. आता कुठूनबी वाच."

का कोण जाणे, मी पहिल्यापासूनचेच उचलले आणि घरी नेले. त्या मगरीच्या अंकात चंदन पहिल्यांदा येतो, झाडावर बसून भावाची टिंगल करतो. मागच्या वेळी मला तो दिसलाही नव्हता. आता दिसला, हसताना. भिंतीवरून ओरडलो, "मावशी, हसला तो!" पलीकडून आवाज आला, "हो ना रे!" एवढा खूश आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

चंदन मरतो तो अंक मी वाचला, त्या दिवशी ती स्वतःच चहा घेऊन आमच्याकडे आली. आम्ही दुपारभर चंदनबद्दल बोलत बसलो, घरातलं माणूस गेल्यासारखे. निघताना म्हणाली, "याच्या पुढचं तुले मालूम नाई. आता मी तोंड शिवून घेतो." आणि तिने शिवलं. मी कितीही डिवचलं तरी शेवटाबद्दल एक अक्षर नाही.

दिवाळीनंतर तिला छातीत दुखायला लागलं. नागपूरला नेलं, ते परत आणलं नाही. तिच्या भाचीने कपाट आमच्याकडे पोचवलं. माझे शेवटचे थोडेच अंक राहिले होते.

काल तेही संपले. शेवट वाचून मी इतका चिडलो की उठून भिंतीपाशी गेलो. तो लेखक शहाणा की वेडा, वज्रसेनने तसं का केलं, मला भांडायचं होतं. पलीकडे घराला कुलूप. असा राग आला मला त्या बाईचा! आता बोलू कोणाशी?

आत येऊन शोभाला म्हटलं, "वाच ना तू एकदा."

"देऊन द्या एखादा मधला. ते मगर नको."

"पहिल्यापासूनच वाचावं लागेल."

"पन काहून?"

"कारण तो चंदन..." एवढं म्हणालो आणि तोंडावर हात दाबला.

"कोन चंदन?" शोभाने विचारलं.

मी पहिला अंक तिच्या हातात दिला.